हिरवट

सर गेल्याचं मला कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. कुणीतरी त्यांचा निवृत्तीच्या दिवशीचा, गळ्यात हार घातलेला फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘ग्रामीण भागात स्थिर हिरवा लेझर निर्माण करणारे हाडाचे शिक्षक’. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मीही हात जोडले आणि फोन पालथा ठेवला.

त्या वाक्यातला ‘स्थिर’ हा शब्द खोटा आहे. ते खोटं सरांचं नाही, माझं आहे. सरांनी ते सात वर्षं गप्प राहून सांभाळलं.

पुलगावातल्या ज्या कॉलेजात मी शिकवतो, तिथे सर भौतिकशास्त्र शिकवायचे. मुलं त्यांना ‘हिरवे सर’ म्हणत. ते त्यांचं आडनाव नव्हे. पण नवीन आलेल्या एका कारकुनाने ते आडनावच समजून हजेरीपत्रकात चढवलं, आणि सरांनी महिनाभर त्या नावापुढे सही केली. कुणी लक्षात आणून दिलं तर म्हणाले, “सही त माहीच हाये ना.”

गंमत म्हणजे ‘हिरवा’ हा शब्द सर स्वतः कधीच वापरत नसत. त्यांच्या खोलीत जो उजेड निघायचा त्याला ते ‘हिरवट’ म्हणत. जो उजेड तासभर न हलता राहील तो हिरवा, बाकी सगळा हिरवट. त्यांची एक जाड वही होती. तिच्यात तारीख, तापमान, किती मिनिटं टिकला ते, आणि शेवटी एकच शब्द असे. पानामागून पानं उलटली तरी तो शब्द बदलत नव्हता. बी.एस्सी.च्या एका मुलाने प्रात्यक्षिकाच्या वहीत ‘हिरवा प्रकाश मिळाला’ असं लिहिलं, तर सरांनी त्यावर लाल काट मारून ती वही परत दिली. मुलगा म्हणाला, “सर, हिरवाच त होता.” सर म्हणाले, “तुले दिसला. मीटरले ईचारलं का?” त्या मुलाला त्यांनी तीन वेळा प्रयोग करायला लावला. ते प्रेमळ शिक्षक होते असं आता सगळे लिहीत आहेत. तसे ते नव्हते. विभागाची कपाटं मोडून पडली होती, त्यांची पीएच.डी. अर्धवट राहिली होती, आणि एखादा मुलगा कच्चा आहे म्हणून त्याच्याशी गोड बोलावं, हे त्यांना कधी सुचलंच नाही.

भौतिकशास्त्र विभागाच्या मागे, पूर्वी ॲसिडच्या बाटल्या ठेवायच्या त्या खोलीत त्यांचं काम चाले. खिडकीला काळा कागद होता. मधोमध कडप्प्याची एक लांब लादी, आणि ती स्कूटरच्या चार अर्धवट फुगवलेल्या ट्यूबांवर ठेवलेली. मुंबई-नागपूर लाइनवरून गाडी गेली की आमचं सगळं कॉलेज बारीक थरथरतं. ती थरथर लादीपर्यंत पोचू नये म्हणून ट्यूबा. दर सोमवारी सर सायकलच्या पंपाने त्यांत हवा भरायचे आणि अंगठ्याने दाबून बघायचे. खोलीत पंखा नव्हता, कारण वाऱ्याने किरण हलतो. मे महिन्यात, बाहेर शेहेचाळीस असताना, सर आत बनियनवर बसलेले असत. चपला बाहेर, आणि आत पोत्यांवरून चालायचं.

गाड्यांचं वेळापत्रक त्यांच्या अंगात मुरलं होतं. मोजमाप चालू असताना गाडी आली की बोलणं थांबवायचं, गाडी गेली की त्याच शब्दापासून पुढे सुरू करायचं. ती सवय खोलीबाहेरही सुटली नाही. एकदा आम्ही आर्वीला गेलो होतो. तिथे आता रेल्वे जात नाही. हॉटेलात चहा पिताना सर मध्येच थांबले, घड्याळाकडे बघितलं, मिनिटभर गप्प राहिले, आणि मग म्हणाले, “...हं, त मी सांगत होतो.” पुलगावहून त्या वेळी हावड्याची गाडी जात असे.

स्टाफरूममध्ये आले की ते नमस्कार करत नसत, तापमान सांगत. दारातून “एकोणचाळीस” असा आवाज आला की सर आले. संस्कृतच्या मॅडम म्हणायच्या, “आम्हालाही घाम आलाय सर, आम्हाला माहीत आहे.” सर म्हणत, “तुमाले माहीत हाये. माह्या खड्याले माहीत होऊ नये, हे पाहून राह्यलो.”

खडा म्हणजे एक स्फटिक. खडीसाखरेच्या तुकड्याएवढा, दोन्ही टोकांना आरशासारखा घासलेला. मोठ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत काम करणाऱ्या त्यांच्या जुन्या वर्गमित्राने, कोपरा उडालेला म्हणून टाकून दिलेला तो तुकडा पाठवला होता. त्याला दमट हवा चालत नाही. सर तो कुंकवाच्या करंड्यात ठेवत, आणि करंड्यात नव्या बुटांच्या खोक्यात निघतात त्या पांढऱ्या मण्यांच्या पुड्या भरत. पुलगावातला चपलांचा दुकानदार त्या पुड्या त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवायचा. कॉलेजात कुणी नवे बूट घालून आलं की सर आधी पायांकडे बघायचे, मग तोंडाकडे, आणि विचारायचे, “पुडी कुठं हाये?”

लेझरमधून जो मूळ किरण निघतो तो डोळ्याला दिसत नाही. सर त्याला ‘आंधळा उजेड’ म्हणायचे. तो दिसत नसला तरी डोळा जाळू शकतो, म्हणून चष्म्याशिवाय कुणाला आत येऊ देत नसत. या आंधळ्या उजेडाचे दोन कण त्या खड्यात एकत्र आले की त्यांचा एक कण होतो, दुप्पट कंपनांचा, आणि तो हिरवा असतो. हे मी फळ्यावर समीकरणं मांडून शिकवतो आणि मुलं जांभया देतात. सरांनी एका वर्षी मुलांना कापसाच्या हंगामात आर्वीच्या बाजार समितीत नेलं होतं. मी तेव्हा नुकताच तासिका तत्त्वावर लागलो होतो, म्हणून मलाही नेलं. दोन हमाल कापसाचं बोद, म्हणजे ठासून भरलेलं भलंमोठं पोतं, दोन टोकांना धरून उचलत होते. सर मुलांना म्हणाले, “पाहा. दोघांचा झटका एकाच टायमाले लागते. मग पुढं दोघाईचं पाऊलबी जुळते. पाऊल जुळलं त माल पोचते. नाई जुळलं त दोघंबी मोकळेच पल्याड जातात. खड्यात हेच होते. अन् पाऊल जुळवते कोण? तापमान.” मग ते हमालांकडे वळले. “भाऊ, जरा पाऊल चुकवून दाखवता का?”

मोठा हमाल कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला. “मास्तर, पाठ मोडते अशानं. आमी काय येडे हाओ का?”

“हेच,” सर मुलांना म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. “नेमकं हेच.”

त्यांच्या खड्याचं पाऊल एकशे एकोणपन्नास अंशांवर जुळायचं. त्यासाठी त्यांनी तांब्याच्या ठोकळ्याची एक छोटी भट्टी स्वतः घडवली होती. ती तापायला आणि मग एका जागी स्थिरावायला पावणेदोन तास लागत. एका अंशाचा काही अंश इकडेतिकडे झाला की उजेड हिसके देई. डोळ्याला ते कळत नसे, मीटरचा काटा मात्र नाचे. लोक म्हणत, “सर, हिरवा लेझर त यात्रेत मिळते. पेनासारखा.” सरांना या बोलण्याचा राग येत असे. त्या पेनातही तसाच खडा असतो, पण त्याचा उजेड क्षणाक्षणाला हलतो, आणि पुढे गाळणी नसल्यामुळे आंधळा उजेडही बाहेर येतो. विभागात असले पेन आणायला त्यांची बंदी होती. माझ्या बॅगेत एक होता. सेमिनारमध्ये पडद्यावर दाखवायला मी तो वापरायचो आणि सरांसमोर काढत नसे.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असं मी एकदाच विचारलं. फार पूर्वी एका मोठ्या शहरात शिक्षकांच्या प्रशिक्षणाला ते गेले होते. तिथल्या प्राध्यापकांनी त्यांना सांगितलं, असली नाजूक कामं तुमच्याकडे व्हायची नाहीत, तुमच्याकडे धूळ आणि ऊन फार. “मी म्हटलं, ऊन हाये,” सर म्हणाले. “त्याचंच त पाहायचं हाये.” यापलीकडे ते बोलले नाहीत. त्यांचा सगळ्यात मोठा आकडा तेवीस मिनिटं होता. त्या दिवशी मी बरोबर होतो. चोविसाव्या मिनिटाला काटा हलला. गाडी आली नव्हती, वीज गेली नव्हती, तो आपणहून हलला. सरांनी वहीत तो शब्द लिहिला, बाहेर येऊन माठातलं पाणी प्यायले, आणि मला म्हणाले, “मास्तर, घरी जाय. उद्या लवकर येजो.” मला ते ‘मास्तर’ म्हणत आणि ‘तू’ म्हणत. कॉलेजात असं ते दुसऱ्या कुणाशीही बोलत नसत.

मग ती तपासणी आली. बाहेरून तीन सदस्यांची समिती येणार होती. सरांच्या खोलीची जागा स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेला द्यायची असं संस्थेने जवळजवळ ठरवलं होतं. प्राचार्यांनी सरांना बोलावून सांगितलं, की समितीने तुमच्या कामाबद्दल दोन ओळी चांगल्या लिहिल्या तर खोली राहील, नाहीतर माझ्या हातात काही नाही. सर म्हणाले, “मी हिरवट नाई दाखवत.” प्राचार्य म्हणाले, “अहो, त्यांना काय कळतंय?” सर म्हणाले, “म्हणूनच.”

तरी त्यांनी तयारी केली. समिती साडेअकराला आमच्याकडे यायची होती. सर सकाळी सातला आले आणि भट्टी लावली. साडेनऊला वीज गेली. ती अकराला आली, तोवर भट्टी पूर्ण निवली होती. सर म्हणाले, “मी त्याईले सांगून येतो, सगळ्यात शेवटी या म्हणून. दोन वाजेपर्यंत होते.” आणि ते प्राचार्यांच्या कार्यालयाकडे गेले. जाताना मला म्हणाले, “खोलीत कोणाले येऊ देऊ नको.”

ते तिथे पोचायच्या आतच समिती दुसऱ्या जिन्याने आमच्या बाजूला निघाली होती. प्राचार्यांचा मला फोन आला. “काहीतरी हिरवं दिसलं पाहिजे,” ते म्हणाले. “तुमचंही काम व्हायचं आहे ना यंदा?” माझी कायम नेमणूक त्याच वर्षी व्हायची होती.

प्राचार्यांच्या त्या वाक्यामुळे मी ते केलं असं म्हणणं सोपं आहे. मी स्वतःला तेव्हा सांगितलं की हे मी सरांची खोली वाचवायला करतो आहे. दोन्ही खरं असेल. मी बॅगेतला पेन काढला, लादीवरची भट्टी आणि भिंगं झाकणाऱ्या पत्र्याच्या डब्यात, शेवटच्या भिंगामागे कोंबला आणि त्याच्या बटणावर रबर गुंडाळलं. समोरच्या भिंतीवर हिरवा ठिपका उमटला. चांगला ठसठशीत होता.

समिती आत आली. त्यांच्यामागून सर आले, धापा टाकत. त्यांनी भिंतीकडे बघितलं, मग भट्टीच्या आकड्याकडे. तिथे लाल अंकांत छत्तीस दिसत होतं. एकशे एकोणपन्नासवर जो उजेड निघतो तो छत्तीसवर निघत नाही, हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं.

अध्यक्ष ठिपक्याजवळ जाऊन वाकून बघत होते. “छान. अगदी स्थिर दिसतोय,” ते म्हणाले. “सर, किती वेळ राहतो असा?”

सर माझ्याकडे बघत होते. ते एक शब्द बोलले असते तर खोली गेली असती आणि माझी नोकरीही. त्यांना स्वतःच्या खोलीसाठी खोटं बोलता आलं नसतं, आणि खरं बोलले असते तर मी उघडा पडलो असतो. ते अध्यक्षांना म्हणाले, “हे यांचं काम आहे. यांनाच विचारा.”

अध्यक्ष माझ्याकडे वळले. मी म्हणालो, “एक तास, सर.”

ती माणसं गेल्यावर सरांनी डबा उघडला. पेन काढला, रबर सोडवलं, बटण बंद केलं, आणि दोन्ही गोष्टी माझ्या हातावर ठेवल्या. “सेल उतरतील तुमचे,” ते म्हणाले.

‘तुमचे’ म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी मला कधी ‘तू’ म्हटलं नाही, आणि मास्तरही म्हटलं नाही. खोलीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि त्यानंतर ते तिथे गेले नाहीत. स्टाफरूममध्ये आले की तापमान सांगणंही बंद झालं. इतरांसारखे ‘नमस्कार सर’ म्हणत, मलाही. आवाजात राग नसायचा. असता तर माझी सोय झाली असती.

समितीने दोन नव्हे, चार ओळी लिहिल्या. पेपरच्या जिल्ह्याच्या पानावर सरांच्या नावाने बातमी आली. मी कायम झालो. खोलीवर ‘लेझर संशोधन केंद्र’ अशी पाटी लागली आणि तिचा प्रमुख मीच. कुणी पाहुणे आले की त्यांना तिथे न्यायचं असतं. डब्यात अजून तोच पेन आहे. मी त्याचे सेल बदलतो. भट्टीचा आकडा मी काळ्या पट्टीने झाकून टाकला आहे, तरी आजवर कुणी त्याबद्दल विचारलं नाही. भट्टी मी दोनदा लावून बघितली. माझ्या हातून उजेड चार मिनिटांपुढे टिकला नाही. सरांकडे तेवीस मिनिटं होती, आणि निवृत्तीला अजून तीन वर्षं बाकी होती. एवढ्या वेळात तो तास त्यांना मिळाला असता असं मला वाटतं. ते नक्की सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही याचं कारणही मीच आहे.

निवृत्तीच्या दिवशी फाटकापाशी मी त्यांना गाठलं. “सर, त्या दिवशी,” एवढंच म्हणालो. ते म्हणाले, “आपली गाडी निघून जाईन,” आणि चालू लागले.

निवृत्तीनंतर ते हिंगणघाट तालुक्यात वडनेरला, आपल्या गावी राहायला गेले. भावाच्या वावराच्या तुकड्यात दोघं नवरा-बायको भाजीपाला लावत. तेरवी झाल्यावर चार दिवसांनी मी तिथे गेलो. काकूंना एकदा खरं सांगायचं आणि मोकळं व्हायचं असं ठरवून गेलो होतो. दुपारचे तीन वाजले असतील. काकू ओसरीत मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या, हिंगणघाटच्या बाजारासाठी. मी नाव सांगितलं तशा त्या हसल्या.

“तुमीच ते. संग राहत होते त्याईच्या.” त्यांनी बसायला पाट सरकवला. “कालिजातलं ते मले काई सांगत नोते. पण ते जमलं, हे पेपरात आलतं. मी आळीत पेढे वाटले. त्याईच्याबी हातावर एक ठेवला.”

“खाल्ला त्यांनी?” मी विचारलं.

“खाल्ला ना. काई बोलले नाई, पण खाल्ला. अन् मंग त्याईचं सुट्टीच्या दिवशीचं जाणं सुटलं. मी म्हटलं, चला, झालं एकदाचं. वीस वर्षं माणूस घरी असून घरी नोता, सर. काम पुरं झालं अन् घरी आला.”

तिथे मी गप्प बसू शकलो असतो. पण येताना सबंध वाटभर मी वाक्यं जुळवत आलो होतो. मी म्हणालो, “काकू, ते जमलं नव्हतं,” आणि सगळं सांगितलं. वीज गेली ते, पेनाचं, रबराचं, अध्यक्षांना मी दिलेलं उत्तर. सांगताना मी त्यांच्या हातांकडे बघत होतो. ते जुड्या बांधत होते, मग थांबले.

“म्हणजे नाई झालं,” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“अन् हे त्याईले माहीत होतं.”

“त्याच क्षणी कळलं होतं.”

“मंग पेढा काऊन खाल्ला?”

त्यांनी मांडीवरची सुटलेली पानं गोळा केली, एका बाजूला केली.

“सात वर्षं मले वाटत होतं, माह्या माणसाचं काम पुरं झालं म्हून तो घरात बसला,” त्या म्हणाल्या. “गेला तवाबी मनात तेच होतं. रडली, पण तेवढं एक होतं मनाले.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “हे तुमी त्याईले सांगायचं होतं. मले कायले सांगतलं?”

“सांगायचं राहून गेलं होतं, काकू.”

“बरं वाटलं का आता तुमाले?”

त्यांच्या विचारण्यात टोमणा नव्हता. दुखणाईताला विचारावं तसं त्या विचारत होत्या. आणि मला खरंच बरं वाटत होतं, छाती हलकी झाली होती, बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं इतकं.

“नाही,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि पुढची जुडी हातात घेतली.